वेदना, वचन आणि विद्युत्

२०२३ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्को येथील प्रसाद शिरवळकर व त्यांचे सहकारी यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याने दीर्घकालीन वेदनेच्या अभ्यासात एक नवे पर्व सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. निबंधातील रुग्ण अवघे चार होते. तिघांची वेदना पक्षाघातानंतर उद्भवलेली, तर एकाची तोडून टाकलेल्या, म्हणजे वस्तुतः नसलेल्या अवयवात जाणवणारी. प्रत्येकाच्या मेंदूत दोन ठिकाणी इलेक्ट्रोड बसविण्यात आले. त्यांतील एक जागा डोळ्यांच्या खोबणीवरची, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स या नावाने ओळखली जाणारी. दुसरी दोन गोलार्धांच्या मधल्या अंगाची, सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या पुढच्या भागातील. कित्येक महिने हे रुग्ण आपापल्या घरी राहून दिवसातून अनेकदा आपली वेदना किती आहे ते नोंदवीत, आणि त्याच सुमारास त्यांच्या मेंदूतील विद्युत्-हालचालीचीही नोंद होई. पुढे या दोन्ही नोंदी संगणकापुढे ठेवण्यात आल्या. केवळ मेंदूतील हालचाल पाहून रुग्णाची त्या वेळची वेदना अधिक आहे की उणी हे संगणकाला पुष्कळ अंशी ओळखता येऊ लागले. त्यातही दीर्घकालीन वेदनेचा माग मुख्यतः पहिल्या जागी लागला. मुद्दाम त्वचेस उष्णता लावून निर्माण केलेल्या क्षणिक वेदनेचा संबंध मात्र दुसऱ्या जागेशी अधिक दिसला.

हा निष्कर्ष लहान नव्हे. पोळल्यानंतरची वेदना आणि वर्षानुवर्षे मुक्काम करून राहिलेली वेदना ही एकाच गोष्टीची दोन परिमाणे नसून मेंदूच्या दृष्टीने त्या काहीशा निराळ्या अवस्था असाव्यात, हे रुग्णांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याला येथे शारीरिक आधार मिळाला. परंतु या निबंधाच्या व त्याच्या जातीच्या इतर संशोधनाच्या चर्चेत एक शब्द वारंवार येतो, आणि येथे विचार करावयाचा आहे तो त्याचाच. तो शब्द म्हणजे ‘वस्तुनिष्ठ’. रुग्णाचे सांगणे व्यक्तिनिष्ठ, म्हणून अविश्वसनीय. मेंदूचे चिन्ह वस्तुनिष्ठ, म्हणून विश्वसनीय. अशी ही मांडणी असते. ती तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. संगणकाला ‘अधिक’ म्हणजे काय आणि ‘उणे’ म्हणजे काय हे शिकविले कोणी? त्या चार रुग्णांनीच. त्यांनी दिवसातून अनेकदा दिलेले उत्तर हा या यंत्राचा एकमेव गुरू होय. शिष्याची विद्या गुरूच्या विद्येहून अधिक प्रमाण मानावयाची असेल, तर त्यासाठी स्वतंत्र कारण द्यावयास हवे. ते कारण या चर्चेत सहसा दिले जात नाही.

वेदनेच्या अभ्यासात शब्दांना मान मिळाल्याचा काळ फार जुना नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ साली वेदनेचा ‘द्वारनियंत्रण सिद्धान्त’ मांडला. शरीराकडून येणारी वार्ता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जशीच्या तशी पुढे जात नाही. तेथे जणू एक दार असते, आणि ते किती उघडावे हे इतर मज्जातंतूंवर व खुद्द मेंदूवर अवलंबून असते, असा त्या सिद्धान्ताचा आशय. विद्युत्-उद्दीपनाच्या आधुनिक उपचारांचा उगम येथे आहे. त्याच मेलझॅक यांनी वॉरन टॉर्गर्सन यांच्यासह १९७१ साली ‘वेदनेची भाषा’ या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांनी इंग्रजीतील १०२ वेदनावाचक शब्द गोळा करून त्यांचे गट पाडले, आणि विद्यार्थी, डॉक्टर व रुग्ण यांच्याकडून प्रत्येक शब्दाची तीव्रता ठरवून घेतली. यातूनच १९७५ साली ‘मॅकगिल वेदना-प्रश्नावली’ तयार झाली. तिच्यात ७८ शब्द आणि २० गट आहेत. पहिले दहा गट संवेदनेचे, पुढचे पाच भावनेचे, सोळावा मूल्यमापनाचा आणि उरलेले संकीर्ण. रुग्णाने प्रत्येक गटातून लागू पडेल तो शब्द उचलावयाचा आणि वैद्याने त्या शब्दाच्या क्रमांकांची बेरीज करावयाची.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही प्रश्नावली एकाच वेळी कौतुकास्पद आणि सदोष आहे. कौतुक यासाठी की, वेदना म्हणजे केवळ एक राशी नव्हे, तिला जात आणि गती असते, हे तिने मान्य केले. दोष यासाठी की, मान्य केलेली गोष्ट तिने लगेच बेरजेत बुडविली. पहिल्या गटातील सहा शब्द पाहावेत. ‘फ्लिकरिंग’पासून ‘पाउंडिंग’पर्यंत ते एका शिडीच्या सहा पायऱ्यांसारखे रचलेले आहेत. वस्तुतः या गटाचे नाव कालविषयक आहे. त्याने सांगावयाचे ते वेदनेचे ताल आणि अंतर. क्रमांक देताच ताल नाहीसा झाला आणि उरली ती तीव्रता.

मराठीत हा दोष अधिक ठळकपणे दिसतो. ठसठस, ठणका, सणक, चमक, कळ, भगभग, चुरचुर, झिणझिण्या, रग, उसण हे शब्द एका शिडीवर मांडून दाखविण्याचा प्रयत्न कोणी करून पाहावा. ठसठस ही पिकत चाललेल्या गळवाची. तिला नाडीचा ठेका असतो. ठणका खोल असतो, दाढेचा वा हाडाचा, आणि तो लागला की बराच वेळ राहतो. सणक एका क्षणात येऊन जाते. चुरचुर सालटे निघालेल्या त्वचेची. ती हाडात संभवत नाही. यांतील कोणता शब्द ‘अधिक’ आणि कोणता ‘उणा’? सौम्य ठणका असू शकतो आणि असह्य ठसठसही असू शकते. मराठी शब्द वेदनेची जागा, खोली, ताल आणि कारण यांचे एक जुडगेच वाहून आणतो. तीव्रता मात्र स्वतंत्र विशेषणावर सोपवितो. यातील पुष्कळसे शब्द अभ्यस्त व अनुकरणात्मक आहेत हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याला आवाज नाही त्याला या भाषेने आवाज दिला, आणि त्या आवाजाच्या पुनरुक्तीत वेदनेची पुनरुक्ती बसविली. इंग्रजी यादीत भोसकणे, छिद्र पाडणे, फाडणे अशा हत्यारांच्या क्रियांचा भरणा अधिक. मराठीत टोचणे, चिरणे, सुया मारल्यासारखे होणे हे प्रयोग आहेतच, पण भार त्यांच्यावर नाही.

शब्दसंग्रहाहून व्याकरणाची साक्ष अधिक मोलाची. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९९८ साली वेदनेच्या व्याकरणावर लिहिलेल्या निबंधात इंग्रजीतील एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधले: तेथे वेदना कधी वस्तू होते, कधी गुण, तर कधी क्रिया, तिला एक निश्चित व्याकरणिक घर नाही. अँथनी डिलर यांनी त्याआधी, १९८० साली, थाई भाषेतील वेदनाशब्दांचा अभ्यास करून इंग्रजी प्रश्नावलीचे साचे तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत हे दाखविले होते. मराठीचा विचार केला तर ‘गुडघा दुखतो’ येथे कर्ता अवयव आहे, माणूस नव्हे. ‘पोटात दुखते’ येथे तर कर्ताच नाही. ‘उजाडते’, ‘सांजावते’ यांप्रमाणे शरीराच्या एका ठिकाणी काही घडते एवढेच. ‘मला कळ येते’ येथे कर्तेपण कळेकडे जाते आणि माणूस चतुर्थीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी, येऊन बसतो. कळ येते, चमक निघते, उसण भरते, रग लागते, मुंग्या येतात: वेदनेची क्रियापदे बहुधा येण्याची आणि लागण्याची आहेत. ज्याला दुखते तो या वाक्यांत क्वचितच कर्ता असतो. ‘तुमची वेदना दहापैकी किती?’ हा प्रश्न मात्र वेदना ही रुग्णाच्या मालकीची व मोजदाद करता येण्याजोगी वस्तू आहे असे गृहीत धरतो. मराठी रुग्ण या प्रश्नावर थोडा थांबतो. ते त्याचे अडाणीपण नव्हे. त्याच्या व्याकरणाला नसलेल्या विभक्तीत उत्तर देण्याचे काम त्याच्यावर पडलेले असते.

आणखी एक भेद येथे नोंदविला पाहिजे, कारण पुढील विवेचनास तो आवश्यक आहे. ‘पाय दुखतो’ आणि ‘पाय दुखावला’ या दोन वाक्यांत मराठी काटेकोर अंतर राखते. दुखावणे म्हणजे इजा होणे. त्यामागे काही तरी कारण घडलेले असते. दुखणे याला असे बंधन नाही. दीर्घकालीन वेदनेचे सारे कोडे या एका प्रत्ययात मावते: दुखते आहे, पण दुखावलेले काहीच सापडत नाही.

वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली जी व्याख्या स्वीकारली, तिला हे कोडे ठाऊक होते. वेदना म्हणजे शरीराच्या प्रत्यक्ष वा संभाव्य इजेशी निगडित, किंवा तशा इजेच्या भाषेत वर्णिलेला, अप्रिय संवेदनात्मक व भावनात्मक अनुभव, असा तिचा आशय. ‘वर्णिलेला’ या पदाने इजा न सापडणाऱ्या रुग्णाला आसरा दिला; त्याने सांगितले तर ती वेदनाच. पण याच पदाने ज्याला सांगता येत नाही त्याला दाराबाहेर ठेवले. हा धोका काल्पनिक नव्हता. विसाव्या शतकात बराच काळ नवजात अर्भकांवर अत्यल्प भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. के. जे. एस. आनंद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ही समजूत हादरविली. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिले असता शरीरावरील ताणाची लक्षणे स्पष्टपणे कमी होतात, हे त्यांनी दाखवून दिले. साक्ष शब्दांची नव्हती, संप्रेरकांची होती. २०२० साली व्याख्या बदलली. ‘वर्णिलेला’ हे पद गेले आणि त्या जागी इजेशी साम्य असणारा अनुभव असे शब्द आले. सोबतच्या टिपांत, शाब्दिक वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक वर्तनांपैकी केवळ एक प्रकार आहे, आणि बोलता न येण्याने वेदनेचा संभव नाहीसा होत नाही, हेही आले. त्याच टिपांत माणसाने सांगितलेल्या वेदनेचा मान राखला पाहिजे असेही म्हटले आहे, हे विसरता कामा नये.

हा बदल न्याय्य आहे. मेंदूतील चिन्हांच्या संशोधनाचे सर्वांत सबळ समर्थनही येथेच सापडते. अर्भक, बेशुद्ध रुग्ण, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची नळी घातलेला, स्मृतिभ्रंशाने वाचा गमावलेला, यांच्यासाठी विद्युत्-नोंद ही उसनी वाचा ठरू शकेल. तरी एक अडचण उरतेच. बोलणाऱ्यांच्या बोलण्यावरून शिकलेले चिन्ह न बोलणाऱ्याला लावावयाचे, तर त्याचा मेंदू बोलणाऱ्याच्या मेंदूसारखा आहे हे मानावे लागते. ज्याची वाचाच मेंदूच्या आजाराने गेली आहे, त्याच्या बाबतीत नेमके हेच मानता येत नाही.

टोर वेजर व सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलेल्या वेदनेच्या मज्जाचिन्हासंबंधीही हीच सावधगिरी हवी. एफएमआरआयच्या साहाय्याने ११४ निरोगी व्यक्तींचा अभ्यास करून त्यांनी उष्णतेच्या वेदनेचे एक सामाईक चिन्ह शोधले. प्रिय व्यक्तीने नाकारल्याच्या दुःखापासून ते चिन्ह वेगळे ओळखता येते हेही त्यांनी दाखविले. मन दुखणे आणि पाय दुखणे यांना एकच क्रियापद वापरणाऱ्या भाषकांना ही गोष्ट रंजक वाटावी. पण ती निरोगी माणसाची, काही क्षणांची, बाहेरून दिलेली वेदना होती. तिच्यावरून दहा वर्षे पाठ धरून बसलेल्या माणसाविषयी बोलणे म्हणजे ठेच लागलेल्याचे वर्णन वाचून संधिवाताचे निदान करण्यासारखे होय.

उपचारांच्या इतिहासात शब्दाचे स्थान कसे बदलत गेले ते पाहणे उद्बोधक आहे. सी. नॉर्मन शीली यांनी १९६७ साली कर्करोगाच्या असह्य वेदनेने ग्रासलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूजवळ पहिल्यांदा उद्दीपक बसविला. त्यानंतर कित्येक दशके या शस्त्रक्रियेचा एक भाग अक्षरशः संवाद होता. रुग्णास पूर्ण भूल देत नसत. विद्युत्प्रवाह सुरू करून ‘झिणझिण्या कोठे जाणवतात?’ असे त्याला विचारीत, आणि त्याच्या उत्तरावरून इलेक्ट्रोड वर किंवा खाली सरकवीत. झिणझिण्यांनी वेदनेची जागा व्यापली म्हणजे काम जमले. शस्त्रवैद्याच्या हाताला दिशा रुग्णाची जीभ देत असे.

पुढे १० किलोहर्ट्झ वारंवारतेचे उद्दीपन आले. लिओनार्डो कपुराल व सहकाऱ्यांनी त्याच्या चाचणीचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध केला. यात झिणझिण्या येत नाहीत. इलेक्ट्रोडची जागा शरीररचनेवरून ठरते. २०२० साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या १३४ रुग्णांच्या चाचणीत तर उपकरण मज्जारज्जूचा प्रतिसाद स्वतःच मोजून प्रवाह कमीजास्त करीत होते. संवाद आता मज्जारज्जू आणि यंत्र यांच्यात चालू झाला. तांत्रिक दृष्टीने ही प्रगतीच होय. रुग्णाची हालचाल झाली की प्रवाह अकस्मात वाढण्याचा त्रास तिने कमी केला. मात्र या चाचणीतही यशाचे माप काय होते? एका रेषेवर रुग्णाने आपली वेदना दर्शविणारी खूण करावयाची, आणि ती खूण पूर्वीच्या निम्म्यावर आली तर उपचार यशस्वी. ज्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठविले त्यालाच निकाल देण्यासाठी पुन्हा बोलवावे लागले.

झिणझिण्या नाहीशा होण्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. त्या जाणवत असत तोवर यंत्र चालू की बंद हे रुग्णाला कळे, आणि म्हणून खऱ्याखोट्या उपचाराची निकोप तुलना करणे दुष्कर होते. त्या गेल्या आणि तुलना शक्य झाली. नॉर्वेतील हारा व सहकाऱ्यांनी २०२२ साली कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात वेदना राहिलेल्या ५० रुग्णांवर अशी तुलना केली. प्रत्येकाला तीन-तीन महिन्यांचे चार कालखंड. दोहोंत उद्दीपन चालू, दोहोंत बंद. अक्षमतेचा आरंभीचा गुणांक सरासरी ४४.७ होता. उद्दीपन चालू असता तो १०.६ ने उतरला आणि बंद असता ९.३ ने. हे अंतर नगण्य होय. वापरलेल्या प्रवाहाचे स्वरूप योग्य नव्हते असा आक्षेप यावर घेण्यात आला, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण दोन्ही बाजूंनी फारशी चर्चा न झालेला आकडा आहे तो ९.३. यंत्र बंद असताना एवढा फरक कशाने पडला? काही अंश काळाचा, काही आकडेशास्त्रातील स्वाभाविक उताराचा. उरलेला अंश अपेक्षेचा मानावा लागेल, आणि अपेक्षा उत्पन्न होते ती बहुतांशी वैद्याच्या शब्दांतून. मेलझॅक व वॉल यांच्या दारावर वरून हुकूम चालतो, असे त्यांनी १९६५ सालीच म्हटले होते.

शब्दाविषयीच्या अविश्वासाला साहित्यविचारातूनही खतपाणी मिळाले आहे. एलेन स्कॅरी यांच्या १९८५ सालच्या ‘द बॉडी इन पेन’ या ग्रंथाचे प्रतिपादन असे की, वेदना भाषेचा केवळ विरोध करीत नाही, ती भाषेचा नाशच करते. ग्रंथ थोर आहे. परंतु त्यातील मध्यवर्ती उदाहरण छळाचे आहे, आणि छळाच्या क्षणी खरे असलेले विधान वीस वर्षांच्या पाठदुखीला लावल्याने पुष्कळ घोटाळा झाला आहे. दीर्घकाळ दुखणाईत असलेला माणूस मुका नसतो. उलट तो आपल्या वेदनेचा सूक्ष्म वर्णनकार बनतो. त्याच्या बोलण्याला कंटाळतात ते ऐकणारे. विट्गेनस्टाइन यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील वेदनाविषयक विचार येथे अधिक उपयोगी पडतो. ‘दुखते’ हे म्हणणे आतल्या एखाद्या वस्तूचा अहवाल नसून मूळच्या कण्हण्याची जागा घेणारे वर्तन आहे, असा त्याचा रोख. तसे असेल तर अहवाल खरा की खोटा हे आत डोकावून पडताळण्याची भाषाच चुकीची ठरते. जाता जाता एवढे नोंदवावे की, ‘वेदना’ आणि ‘निवेदन’ हे दोन्ही शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या एकाच धातूपासून आले आहेत. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, पण हे शेजारपण अर्थपूर्ण खरे.

या वादात पणाला लागले आहे ते न्यायालयांत आणि विमा-कार्यालयांत. नुकसानभरपाई मागणारा कामगार खरोखर वेदनेत आहे की सोंग करतो, हे मेंदूचे चित्र काढून ठरवावे ही मागणी पाश्चात्त्य देशांत काही वर्षे होत आली. कॅरेन डेव्हिस यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०१७ साली तिचा साकल्याने विचार केला, आणि मेंदूच्या चित्रांचा वेदनेच्या सत्यासत्यतेची चाचणी म्हणून उपयोग करणे योग्य नव्हे असा निर्वाळा दिला. रुग्णाचे कथन हेच आजही प्रमाण मानावे, असे त्या गटाचे मत पडले. शिरवळकर यांचा निबंध याच्यानंतरचा आहे, आणि तो या निर्वाळ्यास बाध आणीत नाही; किंबहुना त्यास पुष्टीच देतो. कारण त्यात आढळलेली चिन्हे प्रत्येक रुग्णाच्या मेंदूत काहीशी निराळी होती. एका रुग्णावर शिकलेले यंत्र दुसऱ्यास लावावयाचे झाल्यास त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते, आणि त्याने ‘आता किती दुखते?’ या प्रश्नाचे उत्तर दिवसातून अनेकदा, कित्येक आठवडे देत राहावे लागते.